चार बोटे कमी

मी स्टेजकडच्या बाजूची रिंग बोलते आहे. बास्केटबॉलच्या मैदानाला दोन टोके असतात आणि दोन रिंगा असतात. पूर्वेकडची रिंग जालंधरहून आली होती; मी मुरुडची. मी तिच्यापेक्षा लहान आहे. ही गोष्ट मी कधी लपवली नाही. दहा फूट उंचीवर, भरल्या मैदानासमोर, मी उघडीच होते. मला कोणी मोजले नाही, इतकेच. ज्यांच्या हाती टेप होती, ते माणसे मोजण्यात गुंतले होते.

आपले वृत्त सांगणाऱ्याने राग आवरून बोलावे, असा संकेत आहे. तो शक्य तितका पाळीन. परंतु शेवटपर्यंत पाळला जाईलच, असे आश्वासन मला देता येत नाही.

रिंग होण्यापूर्वी मी मुरुडजवळच्या एका मळ्यात विहिरीच्या रहाटाचा दांडा होते. माझ्यावरून दोर जायचा, पोहरा खाली उतरायचा आणि भरून वर यायचा. त्या कामात मला एक गोष्ट कळली होती. पोहरा रिकामा वर आला, तर कोणीही पोहऱ्याला शिव्या देत नाही. माणूस वाकून विहिरीत पाहतो. एवढी साधी समज खेड्यातल्या लहान मुलालाही असते. ती शहरातल्या समितीला का नसावी, याचे उत्तर मला अद्याप सापडलेले नाही.

मग सलग दोन पावसाळे कोरडे गेले. पोहऱ्यात आधी गढूळ पाणी आले, नंतर चिखल, आणि शेवटी तो तळाच्या दगडावर आपटल्याचा आवाज तेवढा वर येऊ लागला. मालकाने रहाट उतरवला आणि मला भुजंग लोहाराच्या भट्टीपुढे नेऊन टाकले.

त्याच सुमारास लातूर नुकताच जिल्हा झाला होता. उस्मानाबादेच्या ताटाखालून उठून आपले वेगळे पान मांडल्याचा आनंद शहरभर दिसत होता. कचेऱ्या नव्या होत्या, पाट्यांचा रंग ओला होता, आणि जिल्ह्याला जे जे शोभते ते सर्व आपल्याकडे हवे, अशी मोठ्या मंडळींची इच्छा होती. त्यातून डाळ मिलवाल्यांच्या मनात पगारी लीग आली. लातूर, नांदेड, उदगीर आणि परभणी असे चार संघ ठरले. खेळाडूंना हंगामभर वेतन द्यायचे, आणि नोकरी म्हणजे फक्त खेळणे. नांदेडच्या संघामागे अर्धापूरचे केळीवाले उभे राहिले; लातूरच्या मागे डाळ आणि तेल. लोक तिला सरळ ‘पगारी लीग’ म्हणत.

लीगच्या समितीचे चिटणीस व्यंकटराव होते. ते एका डाळ मिलचे व्यवस्थापक होते आणि माईकवर बोलण्याची त्यांना मनापासून आवड होती. ते दुष्ट नव्हते, हे मी आधीच नमूद करते. त्यांना नव्या जिल्ह्याचा अभिमान होता. परंतु अभिमानाने भरलेल्या माणसाला समोरची वस्तू दिसतेच असे नाही.

जालंधरहून दोन रिंगा निघाल्या आणि एकच पोहोचली. दुसरीचे पार्सल वाटेत कुठे उतरले, कोणास ठाऊक. उद्घाटनाची तारीख ठरलेली, मोठ्या पाहुण्यांचा होकार आलेला. व्यंकटरावांनी आलेल्या रिंगेभोवती सुतळी गुंडाळली, बरोबर तेवढी तोडली, आणि ती खिशात घालून एसटीने मुरुड गाठले. सुतळी भुजंगापुढे ठेवून ते म्हणाले, “या मापाचं गोल कडं पाहिजे. लई मोठे पाहुणे येणार हायेत, चुकू नका.”

भुजंग चुकला नाही. माझ्या साऱ्या कहाणीचे मूळ इथे आहे, म्हणून हे नीट सांगते. भुजंगाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीच्या चाकांना धावा बसवण्याचे काम चालत आले होते. धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. तिचा नियम असा की चाकाचा घेर सुतळीने घ्यायचा आणि धाव त्याहून चार बोटे कमी करायची. मग ती लाल तापवली की वाढते, चाकावर चढते; वरून पाणी ओतले की आकसते आणि चाकाला अशी आवळून बसते, की चाक मोडेल पण धाव सुटणार नाही. भुजंगापुढे सुतळी आली आणि त्याच्या हाताने बापजाद्यांचा हिशेब केला. त्याने सुतळीच्या टोकाशी चार बोटे मोजली, तिथे गाठ मारली आणि त्या गाठीपर्यंत मला वाकवले.

त्याने ते मनापासून केले. पण चाकाचा घेर तो केवढा आणि माझा केवढा! चाकाला चार बोटे म्हणजे घट्टपणा. मला चार बोटे म्हणजे माझ्या तोंडातून बोटभराहून अधिक वाट हिरावून घेणे.

आणखी एक उणीव राहिली. तापलेल्या लोखंडावर शेवटी पाणी पडावे लागते. त्या वर्षी भुजंगाच्या कुंडीत पाणी नव्हते. जे होते ते पिण्यासाठी घरात झाकून ठेवले होते. त्याने मला राखेत पुरले आणि तसेच निवू दिले. माझ्या जन्मातली ही तहान आहे. ती लक्षात ठेवा. शेवटी मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मला शेंदरी रंग दिला आणि स्टेजसमोरच्या खांबावर चढवले. तो रंग पाहून दोघातिघा म्हाताऱ्यांनी नकळत हात जोडले. पंच आले. त्यांनी चेंडू टाकून तो किती उसळतो ते पाहिले, चुन्याच्या रेषा मोजल्या, टेप लावून माझी जमिनीपासूनची उंची मोजली आणि समाधानाने मान हलवली. तीच टेप तिथेच, वीतभर अंतरावर, माझ्या तोंडावर आडवी धरली असती तर पुढचे काहीच घडले नसते. पण रिंग म्हणजे रिंग, तिचे काय मोजायचे!

आता मैदानाची एक रीत सांगितली पाहिजे. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. यजमान संघाने पहिल्या अर्धात पूर्वेकडच्या रिंगेवर चढाई करायची आणि दुसऱ्या अर्धात माझ्यावर, असे लातूरच्या समितीने कायमचे ठरवून टाकले होते. कारण काय, तर शेवटच्या विजयी टोपल्या स्टेजवरच्या पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे पडाव्यात आणि फोटोत पाहुणे यावेत. परिणाम असा झाला, की लातूरचे खेळाडू पहिल्या अर्धात सुरेख खेळत आणि दुसऱ्या अर्धात माझ्यापुढे कोलमडत. पाहुण्या संघांचे नेमके उलट होई. अंतिम निकाल कधी इकडे, कधी तिकडे लागे. पण बदनामी मात्र एकाच बाजूच्या वाट्याला येई. ‘लातूरकरांचा दम शेवटी सुटतो,’ असे लोक बोलू लागले. कोणी म्हणाले, पोटात पाणी नाही. कोणी म्हणाले, मनात पाणी नाही. स्टेजकडची बाजू बाधिक आहे, असेही निघाले. माझ्या खांबाला लिंबू-मिरची बांधली, सामन्याआधी माझ्याखाली नारळ फुटू लागला. दृष्ट काढणारे पुष्कळ भेटले. माप काढणारा एकही नाही.

सामना संपला की व्यंकटराव माईक हाती घेत आणि दोन नावे पुकारत. एक, आजची सर्वोत्तम कामगिरी. दुसरे, आजची निकृष्ट कामगिरी. पहिल्या नावाला टाळ्या, दुसऱ्याला हशा. इथवर मी सहन केले असते; माणसांना असली करमणूक लागते, हे मी एव्हाना ओळखले होते. परंतु त्या नावांना पाणी बांधलेले होते. समितीच्या अध्यक्षांच्या मिलमध्ये खोल बोअर होते आणि मिलचा टँकर खेळाडूंच्या गल्ल्यांना पाळीपाळीने पाणी देई. खेळात चुरस यावी म्हणून अध्यक्षांनी नियम काढला, की सर्वोत्तम खेळाडूच्या गल्लीत दुसऱ्या दिवशी टँकर जाईल आणि निकृष्ट खेळाडूच्या गल्लीची त्या आठवड्याची पाळी चुकेल. हा नियम स्टेजवर बसलेल्या, शिकलेल्या, धुतल्या कपड्यांच्या माणसांनी टाळ्या वाजवून मंजूर केला. त्यांतल्या एकाच्याही घरी टँकर येत नसे, कारण कोणालाच त्याची गरज नव्हती.

फेरी आणि सामना सोडला, तर तो टँकर दिवसभर स्टेजच्या सावलीत, म्हणजे माझ्याच पायाशी उभा असायचा. त्यामुळे दोन गोष्टी झाल्या. चालकाच्या गप्पांतून शहराची बित्तंबातमी मला मिळत राहिली. आणि टँकर आडवा असल्याने संघाचा सराव रोज पूर्वेकडच्या रिंगेवरच होत राहिला. माझी ओळख खेळाडूंना फक्त सामन्यातच व्हायची.

अशा मैदानावर साहेबराव आला.

रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीतला हा तरुण. आई सरजाबाई अध्यक्षांच्याच मिलमध्ये डाळ निवडायला जायची. धाकटी बहीण पंचशीला कॉलेजात शिकत होती. नव्या कलेक्टर कचेरीत साहेबरावला हंगामी शिपायाची जागा मिळाली होती. ती सोडून तो लीगमध्ये आला, कारण चेंडू फेकण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हते. त्याचा चेंडू उंच कमान करून येत नसे. हातातून सुटला की सरळ, जरासाच वर चढून, बोर्डाला न शिवता रिंगेत शिरायचा आणि जाळी नुसती हलायची. पूर्वेकडच्या रिंगेत तो सकाळच्या सरावात चेंडूमागून चेंडू असा घालायचा, की मला, लोखंडाला, हेवा वाटायचा.

अशा सरळ चेंडूला रिंगेचे पूर्ण तोंड लागते. उंचावरून पडणारा चेंडू माझ्यातूनही कसाबसा खाली जाई. सपाट येणारा चेंडू माझ्या मागच्या कडेवर आपटून परत फिरे. हे विज्ञान आहे. यात दम, नियत किंवा जात कुठेही येत नाही.

त्या हंगामात लातूरचा संघ आधी नांदेडला गेला. तिथल्या दोन्ही रिंगा मापाच्या. साहेबरावने त्या दिवशी असा खेळ केला, की लीगमध्ये तशी कामगिरी पुन्हा झाली नाही, असे नांदेडच्याच लोकांनी म्हटले. तिथल्या भोंग्यावरून त्याचे नाव सर्वोत्तम म्हणून पुकारले गेले. दुसऱ्या दिवशी टँकर पहिल्यांदाच लाइन ओलांडून गेला. परतल्यावर चालक हसत सांगत होता, की सरजाबाईने आधी सगळ्या गल्लीच्या घागरी भरून दिल्या, आणि शेवटच्या घागरीत पोराचा खेळायचा बनियन बुडवून धुतला. कोणीतरी म्हणाले, “अक्का, पाणी पिण्याचं हाय.” तर तिने उत्तर दिले होते, “ह्यानंच आणलंय.”

आणि मग लातूरच्या मैदानावरचे सामने सुरू झाले. पहिल्या अर्धात साहेबराव तोच, नांदेडचा. दुसऱ्या अर्धात त्याचा चेंडू माझ्या कडेवर ‘टण्‌’ करून बाहेर. त्याला कळेना. तो आपल्या हाताकडे बघायचा, पंजा उघडून मिटायचा. एकदा त्याने मान वर करून माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मला वाटले, हा विचारणार. त्याने डोळे खाली घेतले. हरल्यावर रिंगेला दोष देणारा तो नव्हता, आणि मला वाचा नव्हती.

उन्हात मी केसभर वाढते; लोखंडाचा धर्म आहे. पण सामने ऊन उतरल्यावर होत. एका संध्याकाळी तर मी मनोमन ताणून पाहिले. लोखंडाला कितीही कळवळा आला, तरी त्याचे माप वाढत नाही.

लोकांना मात्र सर्व काही कळले होते. नांदेडला चमकतो आणि घरी बुडतो, म्हणजे नांदेडवाल्यांनी खिशात घातला. अंतिम सामना नांदेडशीच होता, आणि त्या दिवशी साहेबराव मैदानात उतरताच मागच्या बाजूने आवाज आला, “काय साहेब, केळी पिकली का?” पिवळी साल त्याच्या पायाशी येऊन पडली. त्याने ती उचलून रेषेबाहेर ठेवली.

शेवटचे क्षण. नांदेड एका गुणाने पुढे. साहेबरावला धक्का लागला आणि पंचांनी त्याला दोन फ्री थ्रो दिले. दोन मोकळे चेंडू, समोर कोणी आडवा नाही, फक्त तो आणि मी. दोन्ही पडले तर लातूर विजेते. स्टेजखाली वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या, त्यांत सरजाबाई होती. व्यंकटराव माईक धरून उभे होते. साहेबरावने चेंडू दोनदा आपटला, श्वास घेतला आणि फेकला. इतका नेमका चेंडू मी त्या हंगामात पाहिला नव्हता. तो ऐन मध्यावर आला. मागच्या कडेला लागला, पुढच्या कडेला लागला, माझ्या ओठांवर फिरला आणि बाहेर पडला. दुसराही तसाच.

भोंग्यावरून आवाज आला, “आजचीच नव्हे, तर संपूर्ण हंगामातली निकृष्ट कामगिरी, साहेबराव. का, ते त्यालाच ठाऊक.” ते शेवटचे वाक्य कोणी लिहून दिलेले नव्हते. व्यंकटरावांना ते सुचले, आणि लोक हसले म्हणून त्यांनी ते पुन्हा म्हटले.

त्या दिवशी सर्वोत्तम ठरला शिवलिंग. हा उंच, धिप्पाड, सालस मुलगा; अगदी माझ्याखाली येऊन बोर्डावरून चेंडू सोडायचा, त्यामुळे त्याला माझी अडचण जाणवत नसे. त्याच्या गल्लीत दोन बोअर होते. दुसऱ्या सकाळी टँकर तिथे गेला. चालकाने परत येऊन सांगितले, की तिथे पाणी घ्यायला कोणी बाहेरच आले नाही. शेवटी ते कुंपणाच्या मेंदीला सोडले. लाइनीपलीकडे बायका दुपारपर्यंत थांबल्या होत्या. सरजाबाईला कोणी एक शब्द बोलले नाही. तिनेच आपली घागर उचलली, रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली आणि तिच्याशेजारी बसून राहिली.

आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी समिती स्टेजवर जमली. साहेबरावला लीगमधून कायमचे काढायचे आणि ‘संशयास्पद खेळ’ असे कारण जाहीर करायचे, असा विषय होता. तसे जाहीर झाले असते तर त्याला दुसऱ्या संघात, कचेरीत, कुठेही कोणी उभे केले नसते. साहेबराव खाली हात बांधून उभा होता. सरजाबाईला पायऱ्यांपाशी अडवले होते. ती माझ्या खांबाला टेकून बसली. साक्षीसाठी बोलावलेला शिवलिंग स्टेजच्या कडेला अवघडून बसला होता.

इतक्यात मैदानात भुजंग लोहार आला. उदगीरच्या नव्या मैदानासाठी आणखी दोन रिंगा करायच्या म्हणून व्यंकटरावांनीच त्याला निरोप धाडला होता. बैठक संपेपर्यंत थांबा, असे सांगितल्यावर तो सरजाबाईपासून थोडे अंतर ठेवून उकिडवा बसला आणि वर माझ्याकडे पाहून खुशीत हसला.

“ही माझ्या हातची हाय, अक्का,” तो म्हणाला.

सरजाबाईने वर पाहिले नाही. “लई चांगली केलीस, मामा. माझ्या लेकराचं वाटोळं हिच्याखालीच झालं.”

“तिला काय बी धक्का लागू दे, हलायची न्हाई. धावंच्या रीतीनं केलीय. सुतळीला चार बोटं कमी धरली. तसं धरलं की धाव चाकाला आवळून बसती.”

 सरजाबाई जन्मभर डाळीतून खडा निवडणारी बाई. तिची नजर कुठे थांबायची ते जाणत होती. तिने आता मान वर केली.

“मामा,” तिने हळू विचारले, “पर हितं चाक कुठंय?”

भुजंगाचे हसू चेहऱ्यावरच राहिले, पण त्याच्या मागचा माणूस निघून गेला. त्याने माझ्याकडे पाहिले, मग पूर्वेकडच्या रिंगेकडे, मग आपल्या बोटांकडे. “न्हाई,” तो म्हणाला. “चाक न्हाई.”

सरजाबाई उठली. अडवणाऱ्याचा हात तिने बाजूला सारला आणि स्टेजच्या पायरीवर उभी राहून तिने व्यंकटरावांना सांगितले, की बोलणे मागाहून, आधी ही रिंग मोजा. समितीत चुळबुळ झाली. व्यंकटराव समजुतीच्या सुरात म्हणाले, की हा तांत्रिक विषय आहे, पंचांनी सर्व तपासले आहे, खुद्द मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन झालेली रिंग आहे. आणि खेळातले तिला काय कळणार?

“खेळातलं न्हाई कळत, भाऊ,” सरजाबाई म्हणाली. “बांगडीतलं कळतं. बांगडी हातात गेली न्हाई, तर कासार बांगडी बदलतो. हात निकृष्ट हाय म्हणून गावभर भोंगा लावत न्हाई.”

“आई, ऱ्हाऊ दे,” खालून साहेबराव म्हणाला. “हरलो तर हरलो. कारण सांगून संघात राहिलो असं होईल.”

“तू गप ऱ्हा. तुझं माप लई जणांनी घेतलंय.”

समिती सवयीप्रमाणे पुढे काय घडते याची वाट पाहत बसली; शिवलिंग मात्र उठला. त्याने मैदानाच्या कोपऱ्यातली शिडी उचलली. भुजंगाजवळ नव्या कामासाठी आणलेली सुतळी होती. ती त्याने मागितली. आधी तो पूर्वेकडच्या रिंगेवर चढला, तिच्या घेराची सुतळी घेतली, तोडली. मग शिडी माझ्या खांबाला लावून माझ्याकडे आला. त्याने ती माझ्याभोवती फिरवली. दोन टोके जिथे जुळायला हवी होती तिथे जुळली नाहीत. एक टोक पुढे सरकून खाली लोंबत राहिले. शिवलिंगाने त्या टोकाला आपली बोटे लावली. चार. सगळ्यांना दिसावे म्हणून तो हात तसाच धरून शिडीवर उभा राहिला.

 तेव्हा मला जे वाटले, त्याला समाधान म्हणता येणार नाही. मी म्हणजे पुरावा झाले होते, आणि पुरावा ऐकायला आता भाग पडणार, एवढे मात्र वाटले.

मी पुन्हा चुकले. व्यंकटरावांनी घाम पुसला, अध्यक्षांच्या कानाशी लागले आणि खाली येऊन दबक्या आवाजात म्हणाले, की विषय इथेच संपला, साहेबरावला काढणार नाही. परंतु ही गोष्ट मैदानाबाहेर जाऊ नये. जिल्हा नवा आहे. जिल्ह्याची रिंगच लहान निघाली असे कळले, तर उस्मानाबादवाले हसतील.

“माझं पोरगं चोर ठरलं तर चालतंय, रिंग ल्हान ठरली तर न्हाई,” सरजाबाई म्हणाली. “भोंग्यावरनं म्हणलात ना? मग भोंग्यावरनंच माघारी घ्या.”

व्यंकटरावांनी माईककडे पाहिले. मग ते म्हणाले, की आज लाइट नाही.

लाइट होती. माझ्या समोरच्या खांबावरचा दिवा कोणीतरी मालवायचा विसरल्यामुळे भर दिवसा जळत होता. तो तिथे असलेल्या प्रत्येकाने पाहिला.

शिवलिंग शिडीवरून उतरला तो थेट टँकरकडे गेला, चालकाशेजारी बसला आणि म्हणाला, “चला, लाइनीपलीकडं.” चालकाने अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्ष दुसरीकडे पाहत होते. टँकर गेला. त्या वस्तीला त्या दिवशी पाणी मिळाले, आणि मला वाटते, त्या लीगमधली सर्वोत्तम कामगिरी तीच होती. पण ती कोणी पुकारली नाही. भुजंग मात्र उदगीरचे काम न घेताच परत गेला. जाताना त्याने साहेबरावपुढे हात जोडले. साहेबरावने ते धरून खाली केले आणि म्हणाला, “मामा, तुमचं काम खरं हाय. जागा चुकली.”

साहेबराव लातूरकडून पुन्हा खेळला नाही. तो नांदेडला गेला, आणि ‘बघा, आम्ही म्हणत होतोच,’ असे म्हणायला लोकांना तेवढे पुरले. दोन हंगामांनी पाऊस बरा झाला, मिलवाल्यांचा उत्साह ओसरला आणि लीग बंद पडली. मला त्याआधीच, एका सुट्टीच्या दिवशी, कोणी नसताना उतरवले होते. जागी नवी रिंग बसली. कारण विचारणाऱ्यांना ‘गंज’ असे सांगितले. मला गंज नव्हता.

मी स्टेजमागच्या कचऱ्यात पडले होते. सरजाबाई एकदा तिथून जाताना थांबली, तिने मला पदराने पुसले आणि खांद्याला अडकवून घरी नेले. तिच्या अंगणात मोठा रांजण होता. बूड गोल असल्यामुळे तो डुलायचा. तिने तीन दगड मांडले, त्यांवर मला ठेवले आणि पंचशीलेच्या मदतीने रांजण माझ्यात बसवला. तो जरासाही हलला नाही. “हितं बसलीस बघ बरुबर,” ती म्हणाली.

आज मी तिथेच आहे. साहेबराव नांदेडात मुलांना खेळ शिकवतो. सणावाराला येतो, रांजणातले पाणी पितो, आणि पेला ठेवताना अंगठा माझ्या कडेवरून फिरवतो. सराव सुरू करण्याआधी तो मुलांकडून आधी रिंग मोजून घेतो, असे पंचशीला सांगते. मुले म्हणे हसतात.

रांजण पाझरतो. त्याचा थेंब थेंब माझ्यावर उतरतो. भुजंगाच्या भट्टीत जे पाणी मला मिळाले नाही, ते आता रात्रंदिवस मिळते आहे. लोखंड एव्हाना निवायला हवे होते.

मी निवलेली नाही. व्यंकटराव आता थकले आहेत, पण त्यांच्याकडचा तो भोंगा अजून चालू आहे. निवडणुकीत आणि लग्नात मी तो या अंगणात बसून ऐकते. माझी मागणी मोठी नाही. भोंगा एकदा रेल्वे लाइनीकडे तोंड करून लावा आणि त्याच आवाजात, तेवढ्याच मोठ्याने सांगा, की त्या संध्याकाळी साहेबरावचे दोन्ही चेंडू ऐन मध्यावर आले होते. सरजाबाईचे कान आता मंद झाले आहेत. ती ऐकू शकते आहे तोवर सांगा. मग मी निवेन.